अलीकडचे टेबल आणि पलीकडचे टेबल



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे पाठविले, तेव्हा विषय माझ्यावर सोपविला होता. कामगार चळवळीतला माणूस, म्हणजे तो महागाईभत्त्यावर नाहीतर नव्या कायद्यांवर बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. मी उलट टपाली कळविले की, मी टेबलांविषयी बोलेन. दोन दिवसांनी चालकांपैकी एक गृहस्थ स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, "टेबलांविषयी म्हणजे, वाटाघाटींच्या टेबलांविषयी ना?" मी म्हटले, "नाही हो. बिडाच्या टेबलांविषयी. लाकडाच्या रंधायंत्राला दोन असतात, त्यांच्याविषयी." ते गृहस्थ सभ्य म्हणून त्यांनी ते आमंत्रण परत घेतले नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरचे व्याख्यान ऐकले. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर जे काही शिकलो ते कारखान्यात आणि आपल्या नगर वाचनालयात. तेव्हा आज आपल्याला एक पायरी खाली उतरावे लागणार आहे. पण घाबरू नका, लाकडाच्या भुशाने कपडे खराब होत नाहीत. झटकला की जातो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सागवानी टेबल किंवा दिवाण असेल. घरी गेल्यावर त्याच्या वरच्या फळीवरून हात फिरवून पाहा. आपण तिला एक फळी म्हणतो, पण ती बहुधा एक नसते. एवढ्या रुंदीची निर्दोष फळी आता मिळणे कठीण, आणि मिळाली तरी ती ऋतुमानाने वाकते. म्हणून तीन-चार अरुंद फळ्या काठाला काठ लावून सरसाने चिकटविलेल्या असतात. काम चांगले असेल तर तो सांधा बोटाला लागत नाही. वाईट असेल तर दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले की मध्ये उभी फट पडते. मग आपण म्हणतो, "लाकूड कच्चे होते." अगदीच राग आला तर म्हणतो, "सुतार चोर होता." लाकूड कच्चे असू शकते आणि सुतार चोर असू शकतो, हे मी नाकारीत नाही. पण तिसरा एक आरोपी असतो. त्याचे नाव कोणी घेत नाही, कारण त्याची गिऱ्हाइकाशी कधी भेटच होत नाही. त्या तिसऱ्याची ओळख करून देण्यासाठी मी आज उभा आहे.

काठाला काठ बसायचा तर दोन्ही काठ सरळ हवेत. पूर्वी हे काम हातरंध्याने होत असे. कसबी सुतार फळी शिकंजात धरी, लांब रंधा चालवी आणि एक डोळा मिटून काठावरून नजर टाकी. त्याची नजर हेच त्याचे यंत्र होते. पुढे शक्तीवर चालणारी यंत्रे आली. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ नावाच्या माणसाने १८२८ साली रंधायंत्राचे पेटंट घेतले. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून ती मक्तेदारी १८५६ पर्यंत चालविण्यात आली, आणि त्या काळात तिकडच्या लाकूडवाल्यांनी त्या पेटंटाच्या नावाने पुष्कळ बोटे मोडली. बोटे मोडण्याचा आणि रंधायंत्राचा संबंध इतका जुना आहे! मात्र तो केवळ वाक्प्रचारापुरता राहिला नाही, हे पुढे सांगणारच आहे.

आपल्याकडच्या गिरण्यांत आणि फर्निचरच्या कारखान्यांत जे यंत्र असते त्याला कोणी 'सरफेस' म्हणतात, कोणी नुसते 'रंधा मशीन'. कमरेइतक्या उंचीवर बिडाची दोन लांबट टेबले एकापुढे एक बसविलेली असतात. दोहोंच्या मधल्या फटीत एक गोल पोलादी ठोकळा फिरतो. त्यात दोन, तीन किंवा चार पाती बसविलेली असतात. ठोकळा मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतो. कामगार यंत्रापाशी उभा राहतो आणि फळी अलीकडच्या टेबलावर ठेवून पलीकडे ढकलतो. वाटेत पाती तिचा खालचा अंग तासतात. म्हणून मी एका टेबलाला अलीकडचे आणि दुसऱ्याला पलीकडचे म्हणतो. इंग्रजी नावे आहेत, पण त्यांवाचून काही अडत नाही.

आता सगळा व्याख्यानाचा गाभा एका वाक्यात सांगतो. पलीकडचे टेबल पात्याच्या धारेच्या सर्वांत उंच बिंदूशी बरोबर समपातळीत हवे. अलीकडचे टेबल त्याहून तेवढेच खाली हवे, जेवढे लाकूड एका वेळी काढावयाचे असेल, समजा अर्धा सूत. (आमच्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात.) आणि ही दोन्ही टेबले, उंचीला वेगळी असली तरी, एकमेकांना अगदी समांतर हवीत. ती टोकाला झुकलेली नसावीत, टोकाला वर आलेली नसावीत, आणि पिळलेलीही नसावीत. एवढे साधले की यंत्र सरळ काम करते. यातले एक जरी चुकले तरी जगातला सर्वांत कसबी कारागीर त्यावर सरळ काठ काढू शकणार नाही.

चूक झाली की काय होते, ते पाहा. पलीकडचे टेबल पात्याहून खाली राहिले, तर तासलेल्या काठाला तिकडे आधार मिळत नाही. फळीचे शेपूट अलीकडच्या टेबलावरून सुटले की ते पात्यावर घसरते, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो. पलीकडचे टेबल पात्याहून वर राहिले, तर फळीचे तोंड त्याच्या कडेवर आपटते. उंची अगदी थोडीच जास्त असेल तर फळी वर चढत जाते, पाते कमी कमी लाकूड काढते, आणि काठ एका टोकाला निमुळता होतो. दोन्ही टेबले बाहेरच्या टोकांना झुकलेली असली, म्हणजे घराच्या आढ्यासारखी असली, तर फळी मध्ये जास्त तासली जाते आणि काठ पोकळ होतो. याच्या उलट, टेबलांची टोके वर आलेली असली, तर फळी दोन्ही टोकांवर टेकते, मध्ये पात्याला पोचतच नाही, आणि काठाला पोट येते.

हे ओळखावयाचे कसे? येथे मी आपल्याला एक युक्ती सांगतो. तिला खर्च नाही आणि शिक्षणही लागत नाही. तीन-चार फूट लांबीच्या दोन फळ्या घ्या. दोघींचा एकेक काठ त्या यंत्रावर काढा. मग ते दोन काठ एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडाकडे धरा. यंत्र खरे असेल तर उजेडाची रेघ दिसणार नाही. मध्ये उजेड दिसला तर काठ पोकळ आहेत, म्हणजे टेबले झुकली आहेत. टोकांना उजेड दिसला आणि वरची फळी डुलू लागली तर टेबलांची टोके वर आहेत. दोन फळ्यांची चूक एकत्र येत असल्यामुळे ती दुप्पट होऊन दिसते. एका फळीत जी लपते ती दोन फळ्यांत लपत नाही. आम्ही संघटनावाले दोन माणसे एकत्र आणा म्हणतो, त्याला लाकडाचाही पाठिंबा आहे!

रोगनिदान झाले, आता औषध. प्रथम वीज तोडावयाची. बटण बंद करणे पुरे नाही, फ्यूज काढून खिशात ठेवावयाचा. मग ठोकळा हाताने असा फिरवावयाचा की पाती टेबलांच्या पातळीखाली जातील. अलीकडचे टेबल चढवून पलीकडच्याच्या पातळीला आणावयाचे आणि दोहोंवर मिळून एक खात्रीची पोलादी सरळपट्टी उभी ठेवावयाची. पट्टी टेबलांच्या दोन्ही कडांवर लावून पाहावयाची आणि कोपऱ्यातून कोपऱ्यातही लावून पाहावयाची, म्हणजे पीळ असल्यास कळतो. फट कोठे आहे ते जाड-पातळ पत्र्यांचा जो मापक असतो, त्याने मोजावयाचे. तो नसेल तर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घ्या. पट्टीखालून कागद सरकत असेल तर फट आहे, अडकत असेल तर नाही.

ही टेबले उतरत्या खोबणीत बसलेली असतात आणि एका बाजूने पाचरपट्टीने आवळलेली असतात. कारखान्यात तिला 'जीब' म्हणतात. टेबल चढविण्या-उतरविण्याने खोबणी झिजते, जिबेचे स्क्रू ढिले होतात, आणि टेबल आपल्याच वजनाने बाहेरच्या टोकाला झुकते. त्यावर कोणी फळ्यांची थप्पी लावली, किंवा जेवणाच्या सुटीत त्यावर बैठक मारली, तर झुकण्याला मदतच होते. यंत्र हलविताना ते टेबलांना धरून उचलू नये, हेही यासाठीच. तर प्रथम जिबेचे स्क्रू थोडे थोडे, सर्व सारखे आवळावयाचे. तेवढ्याने टोक वर आले तर काम झाले. नाही आले तर खोबणीच्या खालच्या, म्हणजे बाहेरच्या टोकाला पितळी पत्र्याचा पातळ तुकडा सारावयाचा आणि पुन्हा पट्टी लावावयाची. काही नव्या यंत्रांत टेबल चार कोपऱ्यांच्या कललेल्या कड्यांवर बसते आणि कडी फिरवून एकेक कोपरा वर-खाली करता येतो. तत्त्व तेच.

टेबले सरळ झाल्यावर पात्यांकडे वळावयाचे, आधी नाही. एक सरळ लाकडी पट्टी पलीकडच्या टेबलावर ठेवून तिचे टोक ठोकळ्यावर येऊ द्यावयाचे आणि ठोकळा हाताने हळू फिरवावयाचा. पाते पट्टीला नुसते लागून तिला सुमारे एक सूत पुढे ओढील, एवढी उंची योग्य. प्रत्येक पात्याने, आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांनी, पट्टी सारखीच ओढली पाहिजे. एक पाते वर राहिले तर तेच एकटे काम करते आणि बाकीची नुसती फिरतात. तसे कामगारांतही होते, पण तो विषय दुसरा. पाती बसली की पलीकडचे टेबल घट्ट आवळून ठेवावयाचे आणि पुन्हा त्याला हात लावावयाचा नाही. पुढे कमी-जास्त लाकूड काढण्यासाठी फक्त अलीकडचे टेबल हलवावयाचे. सर्वांत शेवटी उभी पट्टी गुण्याने काटकोनात आणावयाची.

पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. काम बिघडले की उभी पट्टी हलवितात, मग पाती काढून घासतात, मग कामगार बदलतात. टेबलांकडे कोणी पाहत नाही. का पाहत नाही? अज्ञानामुळे, हे एक उत्तर झाले. पण खरे उत्तर असे की, या सगळ्याला अर्धा दिवस लागतो, आणि तो अर्धा दिवस कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

आता दोन हकिगती सांगतो. पहिली माझी स्वतःची आहे.

१९८८ साली मी अठरा वर्षांचा होतो आणि एका लहान कारखान्यात या यंत्रावर काम करीत होतो. तो कारखाना आता राहिला नाही, आणि मालक माणूस वाईट नव्हता, म्हणून नाव घेत नाही. आठ दिवस प्रत्येक नगाच्या शेवटी खड्डा पडत होता. पलीकडच्या टेबलाचा नट थरथराटाने ढिला झाला होता आणि टेबल केसभर उतरले होते, हे मला आज कळते. तेव्हा मला एवढेच कळत होते की, शेवटी काहीतरी हिसका बसतो. मी मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "आज गाडी भरायची आहे, उद्या बघू." मीही त्यावर हट्ट धरला नाही. काम नगावर होते. यंत्र थांबले की माझीच मजुरी थांबे. पात्यावरचे आच्छादन हाताला अडते म्हणून मीच काढून ठेवले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे. खुर्चीच्या पायांमधली आडवी काठी, जेमतेम फूटभर लांबीची, मी ढकलीत होतो. तिचे शेपूट अलीकडच्या टेबलावरून सुटले, पात्यावर पडले, पात्याने ते धरले आणि नग मागे फेकला. त्याला दाबणारा माझा डावा हात जेथे होता तेथेच राहिला, फक्त त्याच्याखाली लाकूड नव्हते. तर्जनीची दोन पेरे गेली.

मालकांनी दवाखान्याचा खर्च केला आणि महिनाभराची मजुरी दिली. मला ते फार मोठे उपकार वाटले. पुढे मला वाचनाची गोडी लागली आणि तीन वर्षांनी नगर वाचनालयात १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा हाती आला. त्याच्या परिशिष्टात माणसाच्या शरीराचा दरपत्रकासारखा तक्ता दिलेला होता. कमाईची शक्ती किती गेली ते टक्क्यांत: अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीची दोन पेरे, ११. मी त्या ओळीवर माझे उरलेले पेर ठेवून ती वाचली. त्या कायद्यान्वये दावा दोन वर्षांच्या आत करावयाचा होता. माझी तीन उलटली होती. मंडळी, मी कामगार चळवळीत कसा आलो, असे मला पुष्कळदा विचारतात. मी त्या पानावरून आलो.

दुसरी हकिगत २००६ सालची. एका फर्निचरच्या कारखान्यातले काही दरवाजे सांधे उकलल्यामुळे गिऱ्हाइकाकडून परत आले. रंधायंत्रावरच्या कामगारावर कामात जाणूनबुजून हयगय केल्याचा आरोप ठेवून त्याला निम्म्या पगारावर निलंबित केले. खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने मी बसलो. चौकशी अधिकारी वकील होते, मनाने सरळ होते. कागदपत्रे, साक्षी, उलटतपासणी असे तीन दिवस चालले. कागदांवरून पाहता माझा माणूस बुडाला होता. चौथ्या दिवशी मी विनंती केली की, चौकशी अर्धा तास यंत्रापाशी भरवावी. व्यवस्थापनाने हरकत घेतली. अधिकारी म्हणाले, "पाहायला काय हरकत आहे?"

मी चार-चार फुटांच्या दोन फळ्या मागितल्या आणि आरोपी कामगाराला यंत्राजवळ जाऊ दिले नाही. ज्या फोरमननी तक्रार लिहिली होती, त्यांनाच म्हटले, "साहेब, आपण काठ काढा." फोरमन जुने, कसबी. त्यांनी नीट काढले. दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून खिडकीशी धरल्या. मध्ये उजेडाची रेघ होती. त्यांनी पुन्हा काढले, पुन्हा रेघ. मग पट्टी लावली. दोन्ही टेबले बाहेरच्या टोकाला झुकलेली. चौकशीअंती कळले की, काही महिन्यांपूर्वी ते यंत्र नव्या शेडमध्ये नेले होते, दारातून जाईना म्हणून टेबले उतरविली होती आणि आत नेऊन पुन्हा चढविली होती. चढविताना पट्टी कोणी लावली नव्हती. परत आलेले दरवाजे सगळे त्यानंतरचे होते. आरोप मागे घेतला गेला. त्या फोरमनसाहेबांनी सर्वांसमक्ष सांगितले, "चूक माझी आहे, मी आधी टेबले बघायला हवी होती." मोठा माणूस. पण तो निलंबित कामगार तीन आठवडे रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होता आणि संध्याकाळपर्यंत नदीकाठी बसत होता, कारण त्याने घरी सांगितले नव्हते. त्या तीन आठवड्यांची भरपाई कोणत्या परिशिष्टात आहे?

कायद्याने काही केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखाली झालेल्या नियमांत हाताने लाकूड सरकविण्याच्या रंधायंत्राला गोल ठोकळाच पाहिजे, कारण जुना चौकोनी ठोकळा अख्खा हात ओढून घेई. आणि पात्यांची फट पूर्ण झाकील असे, पुलासारखे, वर-खाली सरकणारे आच्छादन पाहिजे, असे स्पष्ट घातले गेले. पण तो कायदा वीज वापरणाऱ्या कारखान्याला सामान्यतः दहा कामगारांपासून लागू होई. आपल्या गावातल्या गल्लीबोळांत तीन-तीन, चार-चार माणसांची दुकाने आहेत. कायदा दहा माणसांपासून सुरू झाला, पण बोटे एकट्या माणसालाही दहाच असतात.

त्या चौकशीनंतर आम्ही त्या कारखान्याशी करार केला, तेव्हा एक कलम मागितले: महिन्यातून अर्धा दिवस यंत्र पट्टीने तपासण्यासाठी, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी नगावर काम करणाऱ्यांना त्यांच्या सरासरीने मिळावी. आपल्याला वाटेल, मालकांनी विरोध केला असेल. केला, पण आधी विरोध केला तो आमच्याच सभासदांनी. "पगारवाढ मागायची सोडून हे काय पत्रे-पट्ट्या मागता?" असे मला सभेत विचारले गेले. मी हा डावा हात वर केला. एरवी मी तो सभेत दाखवीत नाही. ते बरे नव्हे. पण त्या दिवशी दाखविला. कलम मंजूर झाले. पुढे मालकांच्याही ध्यानात आले की, सागवान वाया जाणे कमी झाले, आणि मग ते कलम आपणच सुचविले होते असे ते सांगू लागले. आमची काही हरकत नाही.

तेव्हा नगरवासी बंधुभगिनींनो, आपल्याकडून मला वर्गणी नको आणि घोषणाही नको. आपण मुलीच्या लग्नासाठी कपाट करावयास टाकाल, नव्या घराची दारे करावयास टाकाल, तेव्हा दुकानदाराला लाकडाचा भाव जरूर विचारा. पण त्याबरोबर म्हणा, "दोन फळ्यांचे काठ काढून उजेडाला धरून दाखवा बरे." आणि यंत्राकडे नजर टाकून पाहा, पात्यावर आच्छादन आहे की भिंतीला टांगलेले आहे. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न दुकानदार लक्षात ठेवतो. कामगाराने विचारलेला 'उद्या बघू' म्हणून राहून जातो.

आमच्या संघटनेच्या कार्यालयात, दाराच्या मागे, चार फुटांची एक पोलादी सरळपट्टी खिळ्याला टांगलेली आहे. फर्निचरवाल्यांपैकी कोणीही, मालक असो वा कामगार, सभासद असो वा नसो, ती न्यावी. वहीत नाव लिहावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावी. भाडे नाही. फक्त ती वाकू देऊ नये, एवढीच अट आहे.